कडल रायर

मी एक भांडं बदललं आणि ते सांगितलं नाही. माझी चूक एका ओळीत सांगायची तर एवढीच. ऐकणाऱ्याला वाटेल, यात काय मोठंसं? मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं, निदान तसं वाटून घेणं सोयीचं होतं. पण त्या भांड्यापायी एका माणसाचं आयुष्यभराचं काम बुडालं. तो माणूस तंजावरच्या रस्त्यातून मान खाली घालून चालू लागला, तेव्हा मी पुण्याच्या नोकरीवर रुजू व्हायला ट्रंक भरत होतो. ती नोकरीही त्यांच्याच शब्दावर मिळालेली होती.

त्यांचं नाव वेंकोबराव. आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. वयानं ते माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. कॉलेजात मी त्यांना 'सार' म्हणे आणि घरी 'अण्णा'. आम्हा मराठी राव लोकांना तमिळ माणसं 'रायर' म्हणतात. विद्यार्थ्यांनी त्याला समुद्राचा तमिळ शब्द जोडला आणि त्यांचं नाव 'कडल रायर' पडलं. समुद्रापासून इतक्या आत, भाताच्या शेतांनी वेढलेल्या गावात समुद्राच्या नावानं ओळखला जाणारा हा एकच माणूस होता.

उंच, काटकुळा देह, पंचकच्चम पद्धतीचं धोतर नेसलेलं, वर गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. कोटाच्या आतल्या खिशात बांबूची एक नळी, नळीत कापूस आणि कापसात थर्मामीटर. हातात छत्री. ती छत्री त्यांनी स्वतःच्या डोक्यावर उघडलेली मी फारशी पाहिली नाही. ती थर्मामीटरसाठी असे.

'गरम' हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, "काय उकडतंय आज!" की ते लगेच विचारत, "किती?" रसम ताटात पडलं की त्यात बोटाचं टोक बुडवून ते एक आकडा सांगत. कॉफीचं तेच, विहिरीच्या पाण्याचं तेच. विद्यार्थी त्यांच्या नकला करत. एकदा एकानं वर्गाच्या दारात मुद्दाम म्हटलं, "सार, मला ताप आहे." वेंकोबरावांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "तुला ताप नाही. तुला परीक्षा आहे."

ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आईनं टंबलर-डवऱ्यात, म्हणजे पेल्या-वाटीत, कॉफी पुढं ठेवली. त्यांनी खिशातून नळी काढली, थर्मामीटर काढून धुतलं आणि सरळ कॉफीत उभं केलं.

"अय्यो!" आई ओरडली. "तोंडांत धरायाचं काफींत घालतां?"

"नाही हो मामी, हें तोंडांत धरायाचं नव्हे. हें समुद्रांत धरायाचं."

"तें तर अजून वाईट!"

ते गेल्यावर आईनं तो टंबलर चिंचेनं घासला, पुन्हा घासला आणि वर निखाऱ्यावर धरला. "शिकलेलं माणूस," ती म्हणाली, "पण सोवळं-ओवळं म्हणून कांही कळतच नाही पाहा." आईचं सोवळं आमच्या घरात राज्य करत होतं. पुढं जे झालं त्याचं खापर मी तिच्यावर फोडत नाही. ती तिच्या नियमानं वागली. माझा नियम मी मोडला.

वेंकोबरावांना समुद्राचा नाद कसा लागला हे त्यांनीच एकदा सांगितलं. मद्रासहून येणाऱ्या इंग्रजी पेपरात कुठं तरी कोपऱ्यात बातमी होती, की उत्तरेकडच्या टोकाच्या समुद्रावर जे बर्फ तरंगतं ते आजोबांच्या काळापेक्षा पातळ झालं आहे असं तिकडचे खलाशी सांगतात. ती वाचून इतर लोकांनी पान उलटलं असेल. हे म्हणाले, बर्फ पातळ झालं तर ऊब कुठून तरी आली असणार. ती समुद्रातूनच आली असणार, आणि समुद्र तर एकच आहे, त्याला नावं आपण वेगवेगळी ठेवली. मग आपल्या अंगणातल्या समुद्राचं काय?

अंगण म्हणजे नागपट्टिणम. दर रविवारी पहाटेच्या पॅसेंजरनं ते तिकडं जात, बरोबर केळीच्या पानात बांधलेला दहीभात. तिथं अंतोणी नावाचा एक कोळी होता. तो त्यांना कट्टुमरमवर, म्हणजे ओंडके एकत्र बांधून केलेल्या तराफ्यावर, लाटांपलीकडं नेई. पावसाळी वादळाचे आठवडे सोडले तर हा नेम कधी चुकला नाही. लोक रविवारी देवळात जात, हे समुद्राचा ताप बघायला जात.

मी पहिल्यांदा बरोबर गेलो तेव्हा ओकून ओकून अर्धमेला झालो होतो. अंतोणी वल्हं मारता मारता हसत होता. "काय रायर, कडलम्माचा ताप उतरला का?" हा त्याचा ठरलेला प्रश्न.

"तुझी कालची उतरली का, तें आधी सांग," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मग ते कॅनव्हासची बादली पाण्यात सोडत. आगबोटींवर वापरतात तशीच ती जाड कापडाची, दोरीनं ओढायची बादली त्यांनी एका शिंप्याकडून शिवून घेतली होती. बादली वर आली की मी छत्री धरायची. त्यांनी थर्मामीटर बुडवायचं, ठरलेला वेळ मनात मोजायचा आणि आकडा म्हणायचा. तो आकडा म्हणताना त्यांचा आवाज बदलत असे. देवघरात बोलतात तसा होई.

"अण्णा," मी विचारलं, "ओल्या कापडातून पाणी पाझरतं, वारा लागतो. मडक्यातल्या पाण्यासारखं ते गार होत असणार. मग हा आकडा खरा कसा?"

ते खूष झाले. "बरोबर बोललास. ही बादली खोटं सांगते. पण दरवेळीं तेवढंच खोटं सांगते. तेवढ्यानं आपलं काम होतं. मज समुद्र आज किती ऊन आहे तें नको रे. तो बदलतो आहे का, तेवढं हवं."

म्हणजे मला सगळं कळत होतं. न कळून झालेली चूक नव्हे ही. हे लिहून ठेवणं मला भाग आहे.

वर्गातला त्यांचा एक तास सगळं कॉलेज सांगत असे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेली लादी आणवली. तिचा तुकडा पाण्यासकट एका भांड्यात ठेवला, खाली स्पिरिटचा दिवा लावला आणि थर्मामीटर टांगलं. दिवा जळत राहिला, पारा जागचा हलेना.

"ऊब आत चालली आहे. मग जाते कुठं?" त्यांनी विचारलं.

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सार, बर्फ खातंय."

"आमां! होय, बर्फच खातंय." ते एकदम खुलले. "बर्फ शिल्लक आहे तोवर पाणी कुणाला काही कळू देत नाही. घरात एखादी सोसणारी बाई असते ना, तसं. तोवर आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे."

तासाची घंटा झाली. त्यांनी कुणाला उठू दिलं नाही. शेवटची चकती कागदासारखी पातळ झाली आणि विरघळली. जरा वेळानं पारा सरकला आणि मग भराभर चढायला लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वेंकोबराव पाऱ्याकडं बघत उभे होते. "टाळ्या नकोत," ते म्हणाले.

त्यांच्या घरात सोसणारी बाई होतीच. सुंदराबाई, आमच्या वैनी. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, तोंडानं फटकळ. मूलबाळ नव्हतं. रविवारी नवरा समुद्रावर आणि त्या एकट्या. मी गेलो की म्हणायच्या, "ये रे रघू, बैस. तुझे अण्णा सवतीकडे गेले आहेत." एकदा त्यांच्या अंगात बरेच दिवस बारीक ज्वर होता. तो यांच्या लक्षात आला नाही, वैद्यांनी सांगितला. वैनी हसून म्हणाल्या, "समुद्राला आलेला ताप यांस कळतो. त्याचं अंग मोठं आहे ना!"

वेंकोबराव हसले नाहीत. त्या दिवसापासून ते रोज सकाळ-संध्याकाळ वैनींच्या उशाशी बसू लागले. ज्वर हटेना. मग खोकल्यातून रक्त पडलं. एका रविवारी ते मला म्हणाले, "रघू, हिला सोडून मज जातां येत नाही. तूं जाशील? तूं गेलास म्हणजे मीच गेलों."

मी मोठ्या अभिमानानं हो म्हटलं.

बादली माझ्या घरी आली. तिला माशांचा वास येत होता, तिला कोळ्यांचे हात लागलेले होते. आईनं तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बाहेरच्या ओट्यावर, आमच्या भाषेत तिण्णैवर, ती पडून असे. पुढं सणवार आले. घरासमोर असलं काही असणंही आईला सोसेना. मी कॉलेजात असताना तिनं बादली काठीनं उचलून उकळत्या पाण्यात टाकली, रिठ्यानं बडवली आणि कडक उन्हात वाळत घातली. तिच्या मते तिनं माझ्यावर उपकारच केले होते. ते जाड कापड विसविशीत झालं, शिवणी उसवल्या.

"आतां शुद्ध झाली," आई म्हणाली.

मी ती शिवून घेतली. एखादा रविवार ती टिकली, पुन्हा उसवली. तेव्हा आई म्हणाली, "पितळेचं ने की. पितळेला विटाळ नाही. चिंच लावली कीं झालं." माझ्या बायकोनं माहेरून आणलेली पितळेची एक घागर होती. आम्ही तिला तमिळ नावानं 'कुडम' म्हणतो. पोट मोठं, तोंड अरुंद, बुडवायला सोयीची. मी ती घेऊन गेलो. पुढच्या वेळी कधी शिवलेली बादली, कधी कुडम. मग नुसतंच कुडम.

पितळेतून पाणी पाझरत नाही. अरुंद तोंडाला वारा लागत नाही. त्यामुळे कुडमातलं पाणी बादलीतल्यापेक्षा किंचित ऊन निघणार, हे मी दुसऱ्या कुणाला तासभर समजावून सांगू शकलो असतो. मी मनाशी म्हटलं, वैनींना जरा बरं वाटू दे, मग सांगू. हा माणूस रात्रंदिवस तिच्या उशाशी बसलाय आणि मी त्याला काय सांगू, की आईनं तुमची बादली उकळली?

वैनींना बरं वाटलं नाही. त्या गेल्या.

सुतकात घागरीची गोष्ट कशी काढायची? ते दिवस गेल्यावरही कशी काढायची? आणि मग एवढे दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार. माझ्यासारख्या माणसाचं खोटं असंच वाढतं. मी एकदाही खोटं बोललो नव्हतो. मी फक्त दर रविवारी जात होतो आणि आकडा आणून देत होतो.

वेंकोबरावांचे गुडघे तोवर गेले होते. तराफ्यावर बसणं त्यांना जमत नसे. घरी बसून ते आलेखाच्या कागदावर ठिपके मांडत. वैनी गेल्यावर त्यांना तेवढंच उरलं होतं. एके दिवशी त्यांनी मला बोलावून सगळ्या वर्षांचा कागद झोपाळ्यावर पसरला.

"बघ," ते म्हणाले. "चढतो आहे."

रेषा खरंच चढत होती. त्यांच्या चेहऱ्यावर कसलाच आनंद नव्हता. लेकराच्या अंगाला हात लावून ताप कळावा तसा तो चेहरा होता. "मज वाटत होतं रे, माझीच शंका खोटी ठरावी," ते म्हणाले. "तिकडे बर्फ जातं आणि इकडे हें. कारखाने, आगगाड्या, एवढा कोळसा जाळतों आपण. त्याचं कांही असेल का? कोण जाणे. पण सांगायला तर पाहिजे."

त्या क्षणी मी बोललो असतो तर सगळं वाचलं असतं. दोन्ही भांडी घेऊन वर्षभर समुद्रावर जायचं, फरक काढायचा, नंतरच्या आकड्यांतून तो वजा करायचा. जी रेषा उरली असती ती खरी रेषा. चढती, सपाट, काय असेल ती. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "हो अण्णा, चढतेय."

मद्रासला विद्वानांची एक सभा होती. तिथं त्यांनी निबंध वाचला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. वाचून झाल्यावर एका प्रोफेसरांनी फार नम्रपणे विचारलं, "पाणी काढायचं भांडं शेवटपर्यंत एकच होतं ना?"

वेंकोबरावांचा चेहरा उजळला. त्यांना हवा असलेला प्रश्न कुणी तरी विचारला होता. "एकच. नंतरची वर्षं माझे सहकारी जात होते. ते इथंच आहेत, त्यांनाच विचारा."

सगळी सभा माझ्याकडं वळली. मी उभा राहिलो आणि इंग्रजीत म्हणालो, "एकच भांडं, सर." लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या गाडीत त्यांनी आपल्या डब्यातला अर्धा दहीभात माझ्या पानावर वाढला. "तुझी वैनी असती तर," ते म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

तेच प्रोफेसर काही काळानं नागपट्टिणमला आले. एवढी चांगली मापनं जिथं झाली ती जागा त्यांना बघायची होती. त्यांनी अंतोणीचाच तराफा घेतला. अंतोणी मोकळा माणूस, त्याच्याकडं लपवण्यासारखं काही नव्हतं. तिथून ते तंजावरला वेंकोबरावांच्या घरी आले. ते येताच वेंकोबरावांनी मला बोलावून घेतलं होतं, पाहुण्यांना कॉफी द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

प्रोफेसर झोपाळ्यावर बसले. त्यांना बोलायला जड जात होतं. "रायर, तो कोळी म्हणतो, पाणी पितळेच्या कुडमानं काढत होते. पूर्वी कापडी बादली होती, मग कुडम आलं. त्याची काही तरी गल्लत होत असेल."

वेंकोबरावांनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी हातातल्या डवऱ्यात बघत होतो. कॉफीवर साय धरत होती. माझा पुण्याच्या नोकरीचा अर्ज तेव्हा गेलेला होता आणि त्याच्यावर शिफारस याच दोघांची होती.

"गल्लत नाही," वेंकोबराव म्हणाले. "कुडमच होतं. तें मी लिहायाला पाहिजे होतं. माझी चूक."

"पण सभेत तुम्ही..."

"म्हणालों खरं. माझी चूक."

प्रोफेसर उठले, नमस्कार करून गेले. त्यांना फार वाईट वाटलं होतं हे दिसत होतं. निबंध मागं घेतला गेला. वेंकोबराव आत गेले आणि पुष्कळ वेळ विहिरीवर पाय धूत राहिले. मी ओट्यावर उभा होतो. मग निघून गेलो.

बातमी कॉलेजात पोहोचायला वेळ लागला नाही. कडल रायरचं 'कुडम रायर' झालं. ते वर्गात शिरले की मागची मुलं बाकांवर घागर बडवल्यासारखा ताल धरत. पोरांचा त्यात दुष्टावा नव्हता, त्यांना गंमत वाटत होती. ते फळ्याकडं तोंड करून ताल थांबेपर्यंत उभे राहत, मग खडू उचलत. एकदा मी प्रयोगशाळेतून तो ताल ऐकला आणि दार लावून घेतलं. सेवा संपायला अवकाश असतानाच त्यांनी कॉलेज सोडलं.

मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते वांगी चिरत बसले होते. "पुण्यास थंडी पडते म्हणे," ते म्हणाले. "किती, तें कळव."

मी कधी कळवलं नाही.

पुण्यात मी मुलाच्या शाळेच्या पुस्तकावरून देवनागरी गिरवली. आम्हा तंजावरकरांची मराठी तोंडातली, ती कागदावर लिहायला मी चाळिशीत शिकलो. हवामानखात्याच्या कचेरीत माझ्या टेबलावर जहाजांवरून आलेले समुद्राचे आकडे पडत. प्रत्येक कागदावर एक रकाना असे, पाणी कशानं काढलं? कुठल्या तरी खलाशानं, वादळात डोलत, तो रकाना प्रामाणिकपणे भरलेला असे. तिथं माझा हात थांबायचा. उत्तरेकडच्या बर्फाविषयी मधूनमधून काही छापून येई. कुणी म्हणे कमी होतंय, कुणी म्हणे पुन्हा वाढेल. कुणालाच पुरेशा जुन्या, पुरेशा लांब, एकाच जागच्या नोंदी मिळत नव्हत्या. तशा नोंदी एका माणसानं माझ्या हातात दिल्या होत्या.

गेल्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धासाठी तंजावरला गेलो. बादलीची गोष्ट सांगितली तर आता घरात कुणाला लागणार नव्हतं आणि मनातही काही कारण उरलं नव्हतं. दुपारी मी वेंकोबरावांच्या घरी गेलो.

ते झोपाळ्यावर बसलेले होते. डोळ्यांवर दुधासारखी साय आलेली.

"कोण?"

"मी रघू, अण्णा."

त्यांनी हात पुढं केला, चाचपडत माझा हात धरला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला बोट लावलं. "अंग ऊन आहे तुझं. प्रवासानं असेल. बैस. मामी गेल्या म्हणे? मज लोकांनी सांगट्लं. फार कडक बाई. काफी मात्र उत्तम."

मी बसलो. इकडचं तिकडचं बोलणं मला जमणार नव्हतं. मी सगळं सांगितलं. बादली, रिठा, कुडम, वैनींचं आजारपण, मद्रासची सभा. सांगताना मी रडत होतो. ते झोपाळा पायानं थांबवून ऐकत होते.

"झालं?" ते म्हणाले. "मज माहीत होतं रे. त्या दिवशीं तुझं तोंड बघूनच कळलं."

"तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"तुझं पोर तेव्हां पाळण्यांत होतं." त्यांनी हात झटकला. "तें राहूं दे. तूं आलास तें फार बरं झालं. मी वाट बघत होतों."

मला वाटलं, ते आता रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांच्या आवाजात उत्साह होता. बर्फाच्या तासाच्या दिवशी होता तसा. कॉलेज सोडल्यावर, डोळे असेतोवर, ते पुन्हा नागपट्टिणमला जात होते. गुडघे बांधून, अंतोणीच्या आधारानं तराफ्यावर चढत. नवीन कापडी बादली शिवून घेतली होती आणि बाजारातून एक पितळेचं कुडम आणलं होतं. गाडीत लोक हसत, कुडम रायर कुडम घेऊन निघाला म्हणून. वर्षभर, सगळ्या ऋतूंत, त्यांनी एकाच वेळी दोन्ही भांड्यांतून पाणी काढलं आणि दोन्हींचा फरक ठरवला.

"पक्का आहे फरक," ते म्हणाले. "हिवाळ्यांत किती, उन्हाळ्यांत किती, सगळं पाठ आहे मज. आकडे जुने सगळे आहेत. तेवढे वजा केले कीं झालं. समुद्र चढला कीं नाही तें कळतं. मी मद्रासला कळवतो, ते प्रोफेसर भले आहेत, ऐकतील. फक्त एक अडलं आहे."

"काय अण्णा?"

"कुडम कधींपासून? कोणत्या महिन्यापासून? ऐप्पसी? मार्गळी? तेवढं सांग."

मी उलट विचारलं, "मला पत्र टाकून का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तूं घाबरून कांही तरी एक महिना लिहिला असतास." ते हसले. "तसला आकडा घेऊन काय करूं? आपण होऊन येऊन सांगशील तोच खरा, म्हणून थांबलों."

ते पुढं झुकले होते. आंधळे डोळे माझ्या आवाजाच्या दिशेला लावलेले, एक बोट हवेत धरलेलं, आकडा ऐकायला.

मी आठवायचा प्रयत्न केला. ओटा आठवला, रिठ्याचा फेस आठवला, कुडमावरची बायकोच्या माहेरची नक्षी आठवली. कोणता सण होता तो? कोणतं वर्ष? किती रविवार बादली, किती रविवार कुडम, आणि कोणते कोणते? मी कधी लिहून ठेवलं नव्हतं. ठेवलं असतं तर कागदावर माझी चूक दिसली असती. मार्गळी, असं मी म्हणू शकलो असतो. एक शब्द. त्यांनी त्याच संध्याकाळी कुणाला तरी बोलावून वजाबाकी करायला बसवलं असतं, आणि उरलेलं आयुष्य सुखात काढलं असतं. शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता.

मी झोपाळ्याखाली जमिनीवर बसलो आणि त्यांचे पाय धरले.

"अण्णा," मी म्हणालो, "मज आठवत नाही. मज क्षमा करा, मज खरंच आठवत नाही."